मागे तोंड असलेली सीट

शारजा, इंडस्ट्रियल एरिया नंबर सहा.
पाटी सोलकरची, हातोडी माझी.
ऑगस्टात पत्रा असा तापतो
की मापायला गेलो तर पट्टीच वाढते.

गाडी आली ट्रेलरवरून,
डोलीत घालून आजाऱ्याला दवाखान्यात न्यावं तशी.
अमेरिकन स्टेशन वॅगन, सन एकाहत्तर.
एवढी लांब की शटर लागेना.
दोन्ही कुशींना लाकूड.
लाकूड कसलं, लाकडाचं चित्र चिकटवलेलं,
शिरांसकट, गाठींसकट.
मी आडिवऱ्याच्या सुताराचा मुलगा,
नखाने खरवडून पाहिलं आणि हसलो.
मग ते चित्र वाचवण्यात सव्वीस दिवस गेले.

फिल्मवाल्यांचा पोरगा, फादी, म्हणाला,
अशा तीनच उरल्यात या बाजूला.
एक शेखाच्या गोदामात, एक कुवेतला विटांवर,
एक ही.
हिचं काय करणार?
त्याने तळहात उताणा केला, मग पालथा,
मग पुन्हा उताणा.

सोलकर म्हणाला, बकऱ्यालासुद्धा पाणी पाजतात रे,
आणि बिलात पॉलिश धरलंच नाही.

काचा काढल्या. आतून पाइपांचा पिंजरा वेल्ड केला,
माणूस वाचावा म्हणून.
गाडीसाठी तसं काही करायचं नव्हतं.

ऑक्टोबरात, मलीहाच्या पुढे, तांबड्या वाळूत रॅम्प.
स्टंटवाला किर्गिझ, काटकुळा,
बसण्याआधी त्याने दार तीनदा उघडून मिटलं.
बिजागरीचं कौतुक त्या एकट्याला.

चार पलट्या.
पाचवी अर्ध्यात सोडून ती कुशीवर पडली,
एक चाक फिरत राहिलं, जणू त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
टाळ्या झाल्या. मी मोजत होतो:
डावं मडगार्ड नऊ दिवस,
बॉनेट चार,
छपराची कड सोलकरने रोजा धरून काढलेली, थुंकीसुद्धा न गिळता.
किर्गिझ बाहेर आला, अंगठा वर केला,
आणि वाळूत बसून ओकला.

(पडद्यावर ती अडीच सेकंद आहे.
सोलकरच्या पुतण्याने फोनवर थांबवून दाखवली.
थांबवली की गाडी दिसत नाही,
नुसता पिवळसर पट्टा.)

लोळागोळा परत आमच्याच दारात.
भंगारवाला किलोने नेणार होता गुरुवारी.
बुधवारी एक बाई आली,
साठीची, अबाया, पायांत साध्या चपला.
"पीछे वाला कुर्सी है?"
तिच्या बापाची गाडी. विकली भावाने,
तिला कळलं ते शेजाऱ्यांकडून.

सगळ्यांत मागे एक सीट असते या गाड्यांना,
उलट्या तोंडाची.
सात भावंडं, ही शेंडेफळ, जागा कायम तिथे.
म्हणाली, अल ऐनचा रस्ता
मी येताना कधी पाहिलाच नाही,
फक्त गेलेला पाहिला.
उंट, टाकी, पोलिसाची चौकी,
सगळं आधी मोठं, मग लहान.

चार बोल्ट. तीन सुटले, एक कापावा लागला.
सीटखालून निघाल्या खजुराच्या बिया,
एक गोटी, आणि वाळू, मलीहाची नव्हे,
जुनी, पांढरट.
सीट खाली फरशीवर ठेवली. ती बसली,
पर्स मांडीवर, पाठ गाडीकडे,
तोंड रस्त्याकडे, जिथे एक पाण्याचा टँकर
रिव्हर्स घेत होता आणि पोरगा ओरडत होता, आने दो, आने दो.

"तेरा कितना साल इधर?"
बावीस, म्हटलं.
तिने मान हलवली आणि जराशी सरकली,
सवयीने असेल,
शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

आतून भंगारवाल्याचा फोन वाजत होता.
सोलकरने उचलला नाही.
मीही नाही.