मंगळवारचा सव्वापाचचा खेळ

मंगळवारी तिकीट अर्ध्या किमतीत,
म्हणून मंगळवारी.
ईरी शहरात जानेवारीत दुसरं करायचं तरी काय?
सरोवर गोठलेलं, दीर लेस्टर घरात बसून तुसडा झालेला.
शाळेची बस डेपोत लावते, बुटांवरचा बर्फ झटकते,
त्याला गाडीत घालते
आणि तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची धरते.
कडेची, कारण सिनेमे आता अडीच तासांचे असतात
आणि मी एकसष्ट वर्षांची आहे.

माझं मत कुणी विचारलेलं नाही. तरी सांगते.

तो हेराचा घ्या. नायक माझ्याच वयाचा.
आगगाडीच्या टपावरून धावला, हेलिकॉप्टरला लोंबकळला,
चार देशांच्या पोलिसांच्या हातावर तुरी दिल्या,
आणि खुर्चीतून उठताना
एकदाही गुडघ्यावर हात ठेवला नाही.
तिथे मला तो खोटा वाटला.
हेलिकॉप्टरचं मी चालवून घेतलं असतं.

रहस्यपटात खुनी मला विसाव्या मिनिटाला कळला.
जो सगळ्यांसाठी कॉफी आणतो, तो.
सिनेमात विनाकारण कॉफी कुणी आणत नाही.
लेस्टरच्या कानात सांगितलं, तर तो घोरत होता.
दिवे लागल्यावर म्हणाला, ‘छान होता.’
आणि काळोख! इतका काळोख भरतात हल्ली
की कुणी कुणाला मारलं
ते बुटांच्या आवाजावरून ओळखायचं.

उडणाऱ्या माणसांचे मी मोजणं सोडलंय.
शहर पडतं. पुढच्या उन्हाळ्यात तेच शहर परत पडतं.
खलनायकाचं पहिला तासभर मला पटत असतं,
नद्या नासल्या, भाडी वाढली, खरं बोलतो बापडा,
मग लेखकाला एकदम आठवण होते
आणि त्याच्या हातून एक कुत्रा मारवतात.
झालं. आता तिरस्कार करायला आपण मोकळे.

पण पूल आला
की मी पॉपकॉर्न खाली ठेवते.
पुलावर पिवळी बस असतेच.
कठडा तुटतो, बस अर्धी हवेत,
मागच्या काचेला मुलांचे तळवे.
तो येतो, एका हाताने उचलून रस्त्यावर ठेवतो,
मुलं टाळ्या वाजवतात.
ड्रायव्हर कुठाय?
सहा सिनेमे पाहिले, सहा बस.
एकदा स्टिअरिंगवर पडलेलं डोकं दिसलं, अर्धा सेकंद.
एकदा तर खुर्ची रिकामीच.
मग बस काय त्या पोरांनी चालवत आणली होती?

गेल्या फेब्रुवारीत माझ्या बसमध्ये बेचाळीस होती.
बंद कारखान्यामागचा उतार, बर्फाखाली पाण्याची काच.
मागचं चाक सुटलं ते मला कमरेत कळलं.
सगळं अंग म्हणत होतं, दाब ब्रेक.
मी पाय काढून घेतला.
एवढंच केलं.
बस तिच्या मनाने गेली,
टपालपेटी चुकवत, कुंपण चुकवत, ओकचं झाड चुकवत,
आणि एका घराच्या पायऱ्यांपुढे आपणहून थांबली.
पायरीवर एक म्हातारा,
हातात कुत्र्याचं ताट, तसाच उभा.
संगीत नव्हतं. वायपर चालू होता.
मागून ओडेलने विचारलं,
‘मिस ब्रॉन्या, इथे कोण राहतं?’
‘कुणीतरी नवीन,’ म्हटलं,
आणि गिअर मागे टाकला. दोनदा पडला नाही. हात.
लेस्टरला सांगितलं तर म्हणाला, ‘टायर जुने असतील.’

शेवटी नावं सरकू लागतात, हजारभर माणसांची.
लेस्टर पार्किंगमध्ये जाऊन हॉर्न वाजवतो. मी बसून राहते.
झाडू घेऊन एमिर उभा असतो,
त्याला वाटतं मी शेवटच्या चोरट्या दृश्यासाठी थांबलेय,
तो शिष्टाचाराने दुसरीकडे बघतो.

काल सापडलं.
केशभूषा आणि कुत्र्यांचे प्रशिक्षक यांच्या मध्ये कुठेतरी:
बस ड्रायव्हर, आणि पुढे एका बाईचं नाव.
आडनाव वाचेपर्यंत वर निघून गेली.

तेवढ्यासाठी त्या सिनेमाला मी पाचात साडेतीन देते.
पॉपकॉर्नवर लोणी कमी होतं,
पण तो त्यांचा दोष नाही.