एकोणीस दिवस

पासपोर्टवरचा माझा शिक्का एकोणीस दिवस आधीचा आहे.
नागपूर विमानतळ, जांभळी शाई,
तारखेतला सात थोडा फुटलेला.
रणधीरचा त्याच्यानंतरचा, स्वच्छ, ठळक.
तो तिकडचा नागरिक.
मी नुसती कायमची रहिवासी.
आणि कायमची म्हणजे पाच वर्षांत सातशे तीस दिवस,
हे कार्ड हातात पडल्यावर कळलं.

वकीलबाई फोनवर म्हणाल्या, घाबरू नका.
नागरिक नवऱ्यासोबत परदेशात काढलेला दिवस
तिथेच काढला असं धरतात.
(परदेश म्हणजे आमचा कोसंबी टोला,
तालुका अर्जुनी मोरगाव.)
फक्त एखादा अधिकारी विचारतो,
कोण कोणाच्या सोबत गेलं?
कोणाचं काम होतं, मागून कोण आलं?
तुमचं तर साधं आहे, त्या म्हणाल्या,
बायको नवऱ्यामागे गेली.

मी आले होते धाकट्याच्या लग्नाला, सहा आठवड्यांसाठी.
हळद उतरायच्या आत मैनाबाई वलथरे
बायकांच्या मासेमार सोसायटीची वही घेऊन आल्या,
तीन वर्षांचा हिशेब, शाईपेक्षा चिखल जास्त.
म्हणाल्या, तू तिकडं हेच करतेस ना?
तलावात बेशरम माजली होती,
दाडक दिसेनाशी झाली होती,
आणि मी परतीचं तिकीट दोनदा पुढे ढकललं.
तिसऱ्यांदा रणधीरला फोन केला.
तो काही बोलला नाही.
एकोणिसाव्या दिवशी मोरगावच्या स्टँडवर उतरला,
दोन बॅगा, एक हीटर.
मे महिना होता.

कोल्हापूरचा माणूस. झाडीत येऊन
'कायले' म्हणायला शिकला, आमच्या तिखटाला नावं ठेवत राहिला.
पाळीवरच्या मोहाखाली रेंज मिळते,
तिथे खुर्ची टाकून तिकडचा दिवस
इकडच्या रात्रीत भरतो.
पोरं त्याला रातपाळीवाले जवाई म्हणतात.
बाया मात्र तोंडावर म्हणतात, घरजवाई.

आता पुरावे गोळा करायचे.
विजेचं बिल बाबांच्या नावावर.
गॅसचं कार्ड माझ्या.
फोटो आहेत: डोंग्यात बसलेला रणधीर,
दोन्ही काठ घट्ट धरून,
आणि मी कुठेच नाही, कारण फोटो मी काढला.

पोलीस पाटील हिरामणकाका दाखला लिहायला बसले.
चष्मा पुसला, पेन झटकलं.
"लिवतो जी. पन कसं लिवू?
पोट्टी आंदी आली, जवाई मांगून आला,
हे तं अख्ख्या गावाले मालूम आहे."
मी म्हटलं, काका, दोघं सोबत राहतात एवढंच लिहा.
"मंग ते कोन इचारते, कोन कोनासंगं?"
त्यांनी शिक्का मारला, पाय तिरपा पडला.

रात्री फॉर्म उघडून बसले.
रकाना छोटा आहे. पाचशे अक्षरं.
खरं लिहिलं तर माझे अकराशे चार दिवस
कुठल्याच देशात मोजले जाणार नाहीत.
खोटं लिहिलं तर त्याच्या त्या दोन बॅगा,
तो मूर्ख हीटर,
कोणी कधी उचललेच नाहीत असं होईल.

रणधीर म्हणाला, लिही की, मीच आणलं तिला.
मला काय फरक पडतो?
मला पडतो, मी म्हटलं.

मग जाळी बघायला निघालो, रोजच्यासारखे.
पाळ अरुंद आहे, दोघं शेजारी मावत नाहीत.
साप असतात, म्हणून बॅटरी मागच्याच्या हातात,
उजेड पुढच्याच्या पायापुढे.
जाताना मी पुढे होते.
येताना तो.
फॉर्म तसाच उघडा होता,
कर्सर लुकलुकत,
आणि त्यावर एक पाखरू बसलं होतं.