येस्टरडे आला की हॅज जातो

आठवीला हा नियम मी एकोणीस वर्षं असाच सांगत आले:
येस्टरडे आला की हॅज जातो.
दोघं एका बाकावर बसत नाहीत.
पोरं हसतात, वहीत उतरवून घेतात,
आणि सहामाहीत दोघांना नेमकं शेजारी बसवतात.

चावी हरवली: आय लॉस्ट.
पुढे सापडली की नाही, वाक्याला त्याचं काही नाही.
चावी हरवली आहे: आय हॅव लॉस्ट.
म्हणजे आपण अजून ओट्यावर बसलोय,
कुलूप समोर, हातातल्या पिशवीत दही फुटतंय.

गेला, गेलाय, गेला होता,
हे तुम्हाला घरूनच येतं, मी म्हणते,
फक्त टोपी बदलायची.
तेवढ्यात तलावाच्या पाळीवरून कोणी हाक मारतं
आणि खालून उत्तर येतं, आलो!
आलो म्हणणारा कमरेएवढ्या पाण्यात,
जाळ्यातून काटवा सोडवत उभा.
अजून पाऊण तास तरी येत नाही.
या भूतकाळाला इंग्रजीत काय म्हणतात
ते डी. एड.ला कोणी शिकवलं नव्हतं.

सुकेशनी गजभियेनं निबंधात लिहिलं,
माय ब्रदर हॅज गॉन विथ नाटक कंपनी इन नोव्हेंबर.
दिलेश. मंडईच्या दुसऱ्या दिवशी
वडश्याच्या कंपनीच्या मेटॅडोरमध्ये चढला,
पडदा ओढायला, लाइटच्या पेट्या उचलायला.
होळी झाली, कंपन्यांचे तंबू सुटले,
ऑर्गनवाला परतला, नायिकाही नागपूरला गेली.
मी हॅज गॉन खोडलं, वर वेन्ट लिहिलं,
समासात एक छोटा बाण.

ती वही घेऊन टेबलाशी आली.
म्याडम, वेन्ट म्हनलं त परत आल्यासारखा वाटते.
तसं नाही गं, वेन्ट म्हणजे फक्त गेला.
मंग हॅज ठेवू?
मग नोव्हेंबर काढावा लागेल.
नोव्हेंबर कसा काढू, म्याडम,
त्याच दिवशी आमची शेरी व्याली.
तिनं हात मांडीशी धरून दाखवला,
पिल्लू आता एवढं झालं.

मी हाताकडे पाहत राहिले.
एवढं झालेलं ते पिल्लू
मला पुस्तकातल्या कुठल्याच उदाहरणात सापडलं नव्हतं.

दोन वाक्यं कर, मी म्हणाले.
ही वेन्ट इन नोव्हेंबर.
ही हॅजन्ट कम बॅक.
तिनं लिहिली, एकाखाली एक,
पण पहिल्यापुढे पूर्णविराम दिला नाही.
अर्धा गुण कापायचा असतो.
घंटा झाली, तो राहून गेला.

मे महिन्यात पोर्टलवर माझं नाव आलं:
तुमसर तालुका, नदीपलीकडे.
डोंगरवार सरांनी निरोपाचं मानपत्र इंग्रजीतूनच हवं असा हट्ट धरला,
गावात तेवढंच काय ते माझं.
लाखांदुरातून फ्रेम करून आणलं,
कडेनं सोनेरी वेल,
मधोमध माझा बारा वर्षांपूर्वीचा फोटो,
आणि पहिलीच ओळ,
म्याडम हॅज जॉइन्ड अवर स्कूल इन २००६.

सगळे टाळ्या वाजवत होते.
सुकेशनी दाराशी उभी राहून ओठ हलवत वाचत होती.
हॅजपाशी थांबली,
२००६ पर्यंत गेली, परत मागे आली,
मग माझ्याकडे पाहिलं.

लाल पेन पर्समध्येच होतं.
मी फ्रेम उलटी करून मांडीवर घेतली,
चिवड्याची प्लेट तिच्या हातात दिली
आणि म्हटलं, बरोबर आहे ते.