सुटे पैसे

केमीच्या दुकानात, दुधाच्या कपाटापलीकडे
ते यंत्र. तीन चेरी, एक घंटी.
घंटी वाजली की ऑस्मोची मान वळते,
मुठीतली नाणी गरम होतात.
तौनोला ती ऐकूच येत नाही;
तो पावतीची घडी घालून खिशात ठेवतो.
एकाच आईचं दूध, एकच थंडी.

मी गल्ल्यावर. बघत असते.
ऑस्मो हरतो, हसतो, "थोडक्यात हुकलं" म्हणतो,
पुन्हा नाणं. बाहेर बायको गाडीत, इंजिन चालू.

पण मे महिन्यात बर्फ फुटला
तेव्हा माझ्या पोरीमागे पाण्यात उडी
त्यानेच टाकली, बूटसुद्धा न काढता.
तौनो काठावर दोर शोधत होता.
सापडलाही. त्यानेच दोघांना ओढून काढलं.

आज ऑस्मोला सुटे देताना
माझा हात जरा रेंगाळला.
मग दिले.