आकसाची पट्टी

आमच्या धंद्यात एक पट्टी असते, खोटी.
दिसायला चारचौघींसारखी,
पण तिचा फूट बाजारच्या फुटाहून
एक सूत लांब.
बिडाचा रस थंड होताना आकसतो,
शंभराला एक,
म्हणून लाकडाचा नमुना आधीच तेवढा मोठा करायचा.
उद्यमनगरात चाळीस वर्षं मी तिला म्हणत आलो
आकसाची पट्टी.
गिऱ्हाईक हसायचं,
"रणभिसे मिस्त्री, आकस कुणावर?"

प्रभू, हे तुला काय सांगायचं,
तू सुताराच्याच घरचा.

बरी वर्षं होती तेव्हा
तुला फारसं काही विचारलं नाही, कबूल.
पंपांची कामं, हाताखाली तीन पोरं,
शनिवारी पगार वाटून उरलं त्यात
मटण, आणि एकदा एस्तेरला गुजरीतून कुड्या.
दहाला एक तुझा, तो पाकिटात घालून
रविवारी तिसऱ्या बाकावर बसायचो.
"तुझी योजना" म्हणताना
जीभ कुठं अडली नाही.
तुपातला शब्द होता तो, सरकन उतरायचा.

मग त्या ऑगस्टात सगळं गाव
राजाराम बंधाऱ्याचे फूट मोजत बसलं.
राधानगरीचा दुसरा दरवाजा उघडला, चौथा, पाचवा.
पंचगंगा जयंती नाल्यातून उलटी फिरली
आणि माझ्या दुकानात माळ्यापर्यंत चढली.
नवव्या दिवशी शटर उचकटलं.
बावीस वर्षांचे सागवानी नमुने
फुगलेले, सांध्यासांध्यातून सुटलेले,
एक तर वर ट्यूबलाईटला लटकलेला.
पट्टी तेवढी सापडली, पोलादी,
गाळात उभी.

पाळकसाहेब आले, गमबूट घालून.
म्हणाले, "मिस्त्री, त्याची काहीतरी योजना असेल."
मी म्हणालो, "मग ड्रॉइंग दाखवा."
ते गप्प झाले.
कोपऱ्यातलं फावडं उचललं
आणि दिवस बुडेस्तोवर गाळ उपसत राहिले,
पांढऱ्या शर्टाचं पार मातेरं करून.
त्या दिवशीचा तो एवढाच उपदेश
मला आजवर पाठ आहे.

पाणी ओसरलं, एस्तेरचं दुखणं वर आलं.
मिरजेच्या फेऱ्या, पॅसेंजरनं, डबा घेऊन.
बांगड्या आधी मनगटावर खेळायच्या,
मग कोपराकडं घसरायला लागल्या.
मी वळून खिडकीबाहेर बघायचो,
रुकडीचा ऊस, पूल, पुन्हा ऊस.
एकदा तिनंच हात वर धरला,
बांगड्यांचा आवाज झाला.
"आवो, मी आकसले," म्हणाली.
"तुमच्याच पट्टीनं मापलंय न्हवं त्यानं मला?
आधीच सूतभर जास्ती दिलं हुतं की.
ते आपण खाल्लं, ल्यालो, हसलो.
आता ते कमी हुतंय,
म्हंजे माप चुकलं असं न्हाई."

मला तेव्हा राग आला.
हातातला डबा मी खाली आपटला,
समोरच्या बाईनं पोराला जवळ ओढलं.

ती गेली ती कुठल्या सणाला नाही,
साध्या मंगळवारी, लाईट गेलेली असताना.

आता दुकानात एकच टेबल आहे.
मुल्लाणींच्या फाउंड्रीतून किरकोळ कामं येतात.
रसाला कुणी विचारत नाही, बाबा, आकसायचंय का.
वाळूच्या अंधारात तो काय सोसतो
ते साचा फोडेपर्यंत ओतणाऱ्यालाही दिसत नाही,
आणि फोडल्यावरही
पहिल्यांदा काळंच निघतं सगळं.

ड्रॉइंग मला अजून दिसलेलं नाही.
तू दाखवशील असंही नाही.
पण ज्यानं नमुना केला
त्याला धातू ठाऊक होता,
इतपत मी, कारागीर म्हणून, मानायला लागलोय.
काही रात्री तेही मानत नाही.
मग उठून पट्टी पुसतो,
तेल लावतो, खिळ्याला अडकवतो.

रविवारी तिसऱ्या बाकावर
शेजारी तिची जागा सोडून बसतो.
कुणी सरका म्हणालं तर सरकत नाही.
जागा तिच्या मापाची आहे,
आजारातल्या नव्हे, कुड्या घेतल्या त्या सालच्या,
वर एक सूत.