वांदेकर

'कर' लागलं म्हणजे गाव असणारच.
वडिलांनी गॅझेटियर पालथं घातलं,
नकाशावर भिंग फिरवलं, जिल्हा झाला की दुसरा जिल्हा.
वांदे बुद्रुक नाही. वांदे खुर्द नाही.
उजाड गावांच्या यादीतही नाही.
शेवटी म्हणाले, धरणाखाली गेलं असेल,
आणि पेपर उघडला.

मी बत्तीस वर्षं पुणे स्टेशनला, टपालाच्या सॉर्टिंगमध्ये.
'मारुतीमागचा बोळ, शिंप्याला विचारावे'
एवढ्यावर पत्रं पोचवलीत.
आपलाच पत्ता लागेना म्हणून
रात्रपाळीत चेष्टा व्हायची:
वांदेकरांचे वांदे.
हसायचो मीही. हसावं लागतं.

मग पुतण्या, आल्हाद, आयंडहोवनला नोकरीला गेला.
एका दारावरच्या घंटेखालच्या पाटीचा फोटो त्यानं धाडला:
फान दे केर्क.
काका, मोठ्यानं वाचा. भरभर.
वाचलं.
आतून बायको म्हणाली, कोण आलंय?

केर्क म्हणजे चर्च, आल्हाद सांगतो.
म्हणजे आमचं 'कर' हे कर नव्हेच,
शेवटचं अक्षर गळालेलं चर्च ते.
आणि 'फान' म्हणजे 'कडचा'.
वडील असते तर भिंग पुसून ठेवून दिलं असतं.

सहा महिने मी पुराभिलेखागारात.
पंख्याखाली हसबनीस बाई रुमाल सोडतात,
तीनदा शिंकतात, मोजून,
मग मोडीवर बोट ठेवतात.
वेंगुर्ल्याच्या वखारीतून निघालेला कुणी,
त्याचा मुलगा की नातू, घाटावर आलेला.
"जान वलंदेज वांदेकेर, ओतारी.
तोफ एक, वजन मण अकरा, शेर सात.
सबब शेला एक, भात मण दोन."

काय सांगू, त्या दिवशी मी लक्ष्मी रोडवरून
वलंदेजासारखा चाललो.
न्हाव्याच्या आरशात डोळे पाहिले, घारे निघतात का.
नाहीत. मोतीबिंदू आहे म्हणाला.
तरी मनात गलबत, शिडं, लाल दाढी,
सगळं मीच पुरवत होतो,
कागदात नुसता भात.

मंगळवारी पुढचा बंद उघडला.
बाईंनी वाचलं, भात वाचला त्याच आवाजात:
"कुणबीण येसू, उमर वर्षे सोळा,
सदरहूस दिल्ही."

बोट तिथंच राहिलं.
कुणी दिल्ही, कुठून आणली, नाही.
कुठल्या गावची, नाही.
तोफेचं वजन आहे, शेरापर्यंत.
खाली दोन ओळींनी: "यासी पुत्र जाहला."
यासी. म्हणजे ओताऱ्यास.
बाई म्हणाल्या, चहा घेऊ या.
चहा थंड होईतो कुणी बोललं नाही.

तर असं.
आम्ही तीन पिढ्या ज्या गावाला शोधत होतो
ते वलंदेजाचं नव्हतंच.
त्याला चर्च होतं, देश होता,
मोडीत का होईना, नाव होतं पूर्ण.
गाव असेल ते तिचं.
विहीर असेल, पाणवठ्यावर ओळखणारं कुणी,
'अमक्याची येसू' म्हणणारं.
ते कुणी विचारलं नाही, म्हणून लिहिलं नाही.

आल्हादला शनिवारपर्यंत वंशावळ हवी आहे.
ऑफिसात लावणार म्हणतो, फ्रेम करून.
जुन्या मनिऑर्डर फॉर्मच्या पाठीवर मी कच्ची काढली.
सगळ्यात वर, जान लिहायच्या जागी, लिहिलं:
येसू.
पुढे रेघ, जरा लांब. रेघेपुढे 'कर'.

बायको म्हणाली, हे अपुरं दिसतंय.

अपुऱ्या पत्त्याचं पत्र
मी पहिल्या दिवशी कधीच परत पाठवलं नाही.
वरच्या खणात ठेवायचो, नाव दिसेल असं.
सकाळपाळीचा एखादा थबकायचा,
अरे, म्हणायचा, हे तर आमच्याकडचं.