नॅस्टी

बर्नलीत पहिल्याच आठवड्यात हा शब्द माझ्या पिशवीत पडला,
बँडेजं, कात्री, सलाईनच्या कुप्यांत.
नॅस्टी खोकला.
नॅस्टी वळण, कालव्याच्या पुलाजवळचं.
कौन्सिलचं नॅस्टी पत्र.
आणि नोव्हेंबर तर काय, अख्खाच.

मनात म्हणायचे, काय ही गरिबी!
आमच्याकडे खोकला चिवट, हवा कुंद,
वळण अवघड, पत्र खरमरीत,
पीठ कुबट, तेल खवट, सासू खाष्ट,
आणि माणूसच आतून वाईट असला
तर त्याच्या नावानंतर नुसतं थांबलं तरी भागतं.
यांनी मात्र एकच रेनकोट शिवलाय, सगळ्यांच्या मापाचा.

मग वरच्या मजल्यावरच्या गॅरीनं दाराखालून चिठ्ठी सरकवली,
मी जवळा भाजला त्या रविवारी.
चार ओळींत तो शब्द दोनदा.
पहिल्यांदा वासासाठी.
दुसऱ्यांदा कशासाठी, ते वाक्यातून कळत नव्हतं,
किंवा कळत होतं.
मी खिडक्या उघडल्या.
उरलेला जवळा फ्रीझरमध्ये गेला, मटारच्या पिशवीखाली.

मंगळवारी डोरीन हॅलिवेल. वय एक्क्याऐंशी.
डाव्या पायाचा व्रण, अकरा महिन्यांचा.
पट्टीचे फेरे सुटत गेले तसा वास
पडद्यांपर्यंत पोचला.
मी तोंडानं श्वास घेत होते. तिनं ते पाहिलं.
"नॅस्टी ओल्ड थिंग," ती पायाकडे बघत म्हणाली,
शेजारचं द्वाड मांजर
पुन्हा स्वयंपाकघरात शिरल्यासारखं.

आणि मला फरशी आठवली.
मी पडले की आई गुडघ्याकडे नंतर बघायची,
आधी फरशीला चापट:
हात् मेली! माझ्या सोनीला लागतेस काय गं?
फरशीचा काय दोष?
पण माझं रडू थांबायचं.

"व्हेरी नॅस्टी," मी म्हटलं, जरा जोरातच,
तिला कमी ऐकू येतं म्हणून.
ती कवळीशिवाय हसली.
व्रण होता तेवढाच होता, अडीच इंच,
कडा लाल. मी तशी नोंद केली.
नोंदीत हा शब्द चालत नाही.

गॅरीची चिठ्ठी अजून ड्रॉवरमध्ये आहे,
बॅटऱ्या आणि रबरबँडांत.
कधीमधी काढून वाचते.
लागलं कोणाला होतं, आणि त्यात फरशी कोण,
हे मात्र अजून ठरत नाही.